उभी गाडी, बसलेला माणूस

‘इलेक्ट्रिक बाईकने मासे धरायला जातो’ असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डोळ्यांपुढे पाण्यात वायर सोडून बसलेला इसम येतो. तो प्रकार वेगळा. त्यात मासे मरतात, कधी वायर धरणाराही मरतो, आणि उरलेल्यांच्या मागे पोलीस लागतात. इथला विषय पुष्कळ सात्त्विक आहे: काठी, रीळ, चाऱ्याची कोळंबी आणि पोळीभाजीचा डबा घेऊन खाडीवर किंवा धरणावर जाणारा माणूस, आणि त्याला तिथवर नेणारी विजेवरची दुचाकी. कोकणात या उद्योगाला गरवणं म्हणतात. गरवणाऱ्याच्या दिवसाचा हिशोब मांडला तर तासभर जाणं, तासभर येणं आणि मधले सहा तास बसणं असा निघतो. तो बसतो तेव्हा त्याची गाडी उभी असते. उन्हात, चिखलात, खाऱ्या वाऱ्यात आणि कुणाचं लक्ष नसताना. दुकानात मात्र सगळी चौकशी त्या दोन तासांची होते. पळते किती, ॲव्हरेज किती, पिकअप कसा. माझं म्हणणं असं की गरवणाऱ्याने गाडी कशी पळते हे नंतर बघावं, आधी ती उभी कशी राहते ते बघावं. हा विचार उलटा वाटेल, पण एकाच जागी सहा तास बसून राहणाऱ्या माणसाला पळण्याची महती सांगावी तरी कशाला?

पळण्याच्या आकड्यांची बाजू लवकर उरकू, कारण तिथे गिऱ्हाईक आणि विक्रेता दोघं एकाच पंथाचे असतात. सुटलेला मासा केवढा होता हे दोन्ही हात पसरून सांगण्याची रीत गरवणाऱ्यांत आहे. ‘एका चार्जमध्ये इतके किलोमीटर’ हा जाहिरातीतला आकडाही तसाच पसरलेल्या हातांचा असतो. तो खोटा नसतो. ठरावीक वजन, ठरावीक वेग आणि गुळगुळीत रूळ अशा चाचणीत तो खरोखर निघालेला असतो. फक्त त्या चाचणीत बर्फाची पेटी नसते, समोरचा वारा नसतो आणि जांभ्या दगडाचा रस्ता नसतो. म्हणून आकडा बाजूला ठेवून बॅटरीवरची चिठ्ठी वाचावी. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास असं लिहिलेलं असेल तर गुणाकार ३६० वॉट-तास. पायडल न मारता नुसत्या ॲक्सिलरेटरवर चालवली तर अशी सायकल किलोमीटरला पंधरा ते वीस वॉट-तास सहज खाते. म्हणजे अठरा ते चोवीस किलोमीटर, आणि त्यातच परत यायचं आहे. पुण्याहून निघणाऱ्याला हिच्यावर खडकवासल्याला जाऊन येण्यासाठीही पायांना कामाला लावावं लागेल, आणि मुळशीचा बेत असेल तर तिथे एखादा पाहुणा शोधून ठेवावा. मुळशी-पानशेतसाठी नंबरप्लेट असलेली, तीन-एक किलोवॉट-तासांची बॅटरी असलेली स्कूटर घ्यावी, हे सांगायला विनोदी लेखाची गरज नाही.

खरी मौज छोट्या गाडीत आहे, आणि बहुतेकांचा जीवही तिच्यातच अडकतो, कारण तिला लायसन लागत नाही. नियम असा की मोटर २५० वॉटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन साठ किलोपर्यंत असेल, तर केंद्रीय नियमांच्या लेखी ते मोटार वाहनच नव्हे. नोंदणी नको, नंबरप्लेट नको. हेल्मेटची सक्तीही नाही, मात्र गाडी वाहन नाही ही बातमी रस्त्यावरच्या खड्ड्यापर्यंत पोचलेली नसते, तेव्हा ते घालावंच. ‘वायर काढून देतो, मग चाळीसने पळेल’ असं काही दुकानदार हळूच सुचवतात. वायर काढली की तीच गाडी कायद्याने मोटार वाहन होते, तेही बिननोंदणीचं आणि बिनविम्याचं. आता कोकणचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. वस्ती वर सड्यावर, खाडी खाली. सकाळी भरल्या बॅटरीने, ताज्या उमेदीने माणूस उतारावरून जातो. दुपारी उतरलेली बॅटरी, उतरलेला चेहरा आणि (असलाच तर) मासा घेऊन तोच चढ चढायचा असतो. माणूस, गाडी, सामान मिळून ११० किलो धरले आणि चढ दहाला एक असला, तर २५० वॉटची मोटर एकटीच्या जोरावर त्यांना ताशी सहा किलोमीटरच्या आसपास नेते. हा झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग आहे. शाळेतून घरी निघालेली पोरं शेजारून गप्पा मारत पुढे जातात. तेव्हा पायडल हवंच, गिअर हवेत, आणि मोटर चाकाच्या तुंब्यात नसून पायडलपाशी असली तर उत्तम, कारण मग मोटरलाही त्या गिअरचा फायदा मिळतो. तुंब्यातली मोटर चढावर रांगत राहिली तर नुसती तापते.

यावर पेट्रोलवाले म्हणतील, शंभर सीसीची जुनी मोटरसायकल हे सगळं डोळे मिटून करते, आणि तेल संपलं तर टपरीवर बाटलीत मिळतं. वीज बाटलीत मिळत नाही. मुद्दा बिनतोड आहे आणि घाट ओलांडून जाणाऱ्याने तो मानावा. पण खाडी घरापासून पाच-सात किलोमीटरांतच असेल तर गोष्ट वेगळी. त्या अंतराला ३६० वॉट-तास म्हणजे घरच्या मीटरवर अर्ध्या युनिटाच्याही आत, चारपाच रुपयांचं काम. चारा म्हणून नेलेली कोळंबी याहून महाग पडते, आणि ती तर खेकडेच खाऊन जातात.

दुसरी बाजू घेऊन इलेक्ट्रिकवाले एक फुशारकी मारतात, तिचाही समाचार घ्यायला हवा. गाडीचा आवाज नाही म्हणून मासे बुजत नाहीत, हा दावा. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून जवळजवळ सगळाच परत फिरतो. हजारातला एखादा भाग आत उतरतो. काठावर बुलेट फटफटली काय किंवा भजन चाललं काय, खालच्या जिताड्याला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. त्याला कळते ती काठावर आपटलेल्या पावलांची आणि दगडावर टाकलेल्या पेटीची धमक, कारण ती जमिनीतून थेट पाण्यात जाते. गाडी मुकी आहे म्हणून अगदी पाण्याच्या कडेपर्यंत आणून, धाडकन स्टँडवर लावणारा माणूस मासे पळवतो आणि दोष ओहोटीला देतो. मुकेपणाचा परिणाम होतो तो रस्त्यावर. म्हैस वळत नाही, आजीबाई बाजूला होत नाहीत, आणि पहाटे पाचच्या अंधारात गाडी येतेय हे फक्त कुत्र्यांना कळतं, तेही चाऱ्याच्या वासाने. घंटी वाजवायला लाजू नये.

आता उभं राहण्याकडे येऊ. दुकानातल्या फरशीवर प्रत्येक गाडी रुबाबात उभी असते. खाडीच्या काठावर बाजूचा स्टँड म्हणजे मऊ लोण्यात खुपसलेली सुरी. पहिल्या दहा मिनिटांत काही होत नाही. माणूस गळ टाकतो, दोरीवर बोट ठेवतो, विडी किंवा विचार पेटवतो, आणि मागे गाडी लाजऱ्या नवरीसारखी हळूहळू कलत जाते. ती पडते ती नेमकी मोटर किंवा ब्रेकची तबकडी असलेल्या बाजूला, आणि पडताना बर्फाच्या पेटीचं झाकण उघडतं. उपाय फुकटचा आहे: स्टँडखाली चपटा दगड किंवा नारळाची करवंटी पालथी घालून ठेवावी. दोन पायांचा मधला स्टँड असेल तर आणखी बरं. म्हणून खरेदीला गेल्यावर फेरी मारून बघण्याचा आग्रह धरू नये, ती फेरी छानच होते. मागच्या कॅरिअरवर पाण्याने भरलेली बादली ठेवून गाडी उभी करून दाखवा म्हणावं. मग किल्ली बंद करून ती फूटपाथच्या उतारावर ढकलत वर न्यावी. बॅटरी कधीतरी संपणारच, आणि तेव्हा पंचवीस किलोची सायकल ढकलणं आणि शंभर किलोची स्कूटर ढकलणं यात व्यायाम आणि शिक्षा एवढा फरक आहे. विक्रेता आधी हसेल, मग मालकाला बोलावील. मालकानेही बादली उचलून बघितली तर दुकान चांगलं समजावं.

उभ्या गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र घड्याळ लावून येतो. कोकणात भरतीचा हिशोब पाऊणकीने करतात: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला किंवा पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. मुंबई आणि तिच्या दक्षिणेच्या किनाऱ्याला हे गणित ढोबळमानाने बसतं, आणि रोज भरती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते त्याचंच ते घरगुती रूप आहे. आता सापळा बघा. अमावास्येच्या पहाटे पाचला ओहोटी पूर्ण झालेली असते, आणि उधाणाचे दिवस म्हणून पाणी एरवीपेक्षाही लांब गेलेलं असतं. समोर डांबरी रस्त्यासारखी टणक, ओली वाळू पसरलेली. शहरातून आलेल्या गरवणाऱ्याला वाटतं, अरे, ही तर पार्किंगचीच सोय! तो जातो थेट खडकापर्यंत, गाडी लावतो, खडकावर चढून पाठ फिरवून बसतो. आठ वाजता पाणी टायरला लागतं. त्याच वेळी नेमकी दोरी ओढली जाते. पालू असेल, तांब असेल, माणूस मागे कशाला बघतो! सव्वाअकरापर्यंत मुंबईकडे उधाणाचं पाणी साडेतीन मीटरच्या आसपास चढलेलं असतं.

‘पण गाडी आयपी सदुसष्ट आहे,’ हे वाक्य अशा वेळी मोठ्या धीराने उच्चारलं जातं. त्या पदवीचा अभ्यासक्रम पाहून ठेवावा. सहा म्हणजे धूळ आत जात नाही. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवल्यावर घातक ठरेल इतकं पाणी आत जात नाही. परीक्षा गोड्या पाण्यात होते, नव्या कोऱ्या वस्तूची होते, आणि बरेचदा ती पदवी फक्त बॅटरीच्या किंवा मोटरच्या पेटीला असते, वायरींच्या जोडांना आणि स्विचांना नसते. नळाच्या पाण्यावर अर्धा तास पास झालेल्या मुलाला खाडीत सहा तास उभं करून निकाल काय लागला म्हणून विचारण्यात अर्थ नाही. आणि हो, ही पदवी जोराच्या फवाऱ्याचीही नाही. त्याची परीक्षा वेगळी असते. घरी आल्यावर सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर पंपाखाली गाडी धरून मीठ घालवायला जाणारा माणूस समुद्राने सोडलेलं काम पुरं करतो. गोड्या पाण्यात पिळलेलं फडकं, मग कोरडं फडकं, साखळीला तेल, आणि जोडांवर हिरवट-पांढरी बुरशी धरली आहे का ते बघणं, एवढ्यावर भागतं.

खारं पाणी बॅटरीत शिरलं तर मात्र विनोद थांबवावा लागतो. मिठाचं पाणी विजेचं चांगलं वाहक आहे. ते आतल्या घटांमध्ये नको तिथे पूल बांधतं आणि मिठाचा थर मागे ठेवून जातं. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयन चक्रीवादळात समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांनी पाणी ओसरल्यानंतर पेट घेतला होता. आपल्याकडे त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर स्कूटर पेटण्याच्या घटना लागोपाठ घडल्या. त्यांतली एक पुण्यातली होती, आणि त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आलं. तेव्हा खरेदी करताना बॅटरी या मानकाची आहे का हे बिलावरून बघावं, आणि ‘आमचा पोरगा याहून मोठी पॅक बनवून देतो’ या प्रेमळ सूचनेला नाही म्हणावं. बॅटरी समुद्रात बुडाली तर ‘सुकली की चालेल’ म्हणून चार दिवस उन्हात घालून मग चार्जिंगला लावायची नाही. ती पापड नव्हे. घरापासून लांब, उघड्यावर, जळण्यासारखं काही जवळ नसेल अशी ठेवायची आणि दुकानाला कळवायचं. एरवीही गाडीसोबत आलेलाच चार्जर वापरावा, तापलेली किंवा भिजलेली बॅटरी लगेच लावू नये, आणि चार्जिंगची जागा जिन्याखाली, बाहेर पडायच्या एकुलत्या एका वाटेवर असू नये. सगळं घर झोपल्यावर रात्रभर लावून ठेवण्याची सवय तर मोडावीच. गळ टाकून सहा तास टक लावून बसणाऱ्या माणसाला चार्जरकडे तीन तास अधूनमधून बघवत नाही, हे मला पटत नाही.

ऊन हा त्यामानाने सभ्य शत्रू, पण तो रोज येतो. मे महिन्यात काळ्या रंगाची बॅटरी उघड्या कातळावर तापत ठेवली तर तिचं आयुष्य गपचूप कमी होत जातं. बहुतेक उत्पादक तापमान ४५ अंशांच्या वर असताना चार्ज करू नका म्हणतात, ते उगीच नाही. निघणारी बॅटरी असलेली गाडी घ्यावी आणि ती तीनचार किलोंची पेटी आपल्याबरोबर सावलीत ठेवावी. चोरीचीही काळजी मिटते. सावली माडाची नसावी, कारण नारळाला आयपीचे आकडे कळत नाहीत. आणि इथे एक गोंधळ टाळायचा: ओलं गोणपाट माशांवर घालायचं असतं, बॅटरीला कोरडी सावली. दमलेल्या दुपारी याची अदलाबदल होऊ शकते. श्रावणात ज्यांच्या घरी मासे बंद होतात त्यांची गाडी महिनाभर पडून राहते, तेव्हा बॅटरीचा आहारही सांभाळावा. तिला निर्जळी उपास सोसत नाही, आणि गटारीसारखं गळ्यापर्यंत भरून झोपणंही. अर्ध्यावर ठेवून द्यावी.

सामानाबद्दल एकच सांगतो, बाकीचं ज्याचं त्याला कळतं. नऊ फुटी काठी पाठीला उभी बांधून निघालेला माणूस आरशात झेंडा घेतलेल्या वारकऱ्यासारखा दिसतो, पण तिचं टोक जमिनीपासून दहाबारा फुटांवर असतं आणि गावातली केबलवाल्याची वायर, आंब्याची फांदी, क्वचित लोंबलेली विजेची तारही त्याच उंचीवर असते. त्यात हल्लीच्या काठ्या कार्बन तंतूंच्या, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या. काठी दोन तुकड्यांत सोडवावी, गाडीच्या अंगालगत आडवी बांधावी, आणि गळ काढून डबीत ठेवावा. ढगांचा गडगडाट सुरू झाला तर ती डोक्यावर धरून ‘अजून एक टाकून बघू’ म्हणू नये. बर्फाची पेटी कॅरिअरच्या टोकाला ठेवली की चढावर पुढचं चाक हलकं होतं, तेव्हा वजन दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, खाली.

चार इंच रुंद टायरच्या गाड्या वाळूवर चालतात म्हणूनच तर घ्यायच्या, असा आक्षेप येणार हे मला माहीत आहे. हवा कमी केली की त्या खरंच चालतात. पण वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं रात्री वाळूत अंडी घालतात, आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने समुद्र शोधतात. पहाटे दिवा लावून त्या वाळूवरून गेलेली गाडी, मग ती कितीही हिरव्या जाहिरातीची असो, पिल्लांना चुकीचा समुद्र दाखवते. गाडी सुरूच्या बनापाशी ठेवून उरलेलं चालत जावं. पाऊणकीचं गणित चुकलं तरी गाडी वाचते आणि माशांना धमकही लागत नाही, म्हणजे इथेही गाडी कुठवर जाते यापेक्षा ती कुठे थांबवली हेच महत्त्वाचं ठरतं.

शेवटचा आक्षेप घरातून येतो आणि त्याला तोड नाही: एवढ्या पैशांत बाजारातून किती वर्षं सुरमई आली असती? गाडीची किंमत भागिले पकडलेले किलो, हा भागाकार कुठल्याही गरवणाऱ्याच्या घरी मोठ्याने करू नये, कारण पुष्कळदा छेदाच्या जागी शून्य असतं आणि शून्याने भागायचं नाही हे शाळेतच शिकवलेलं आहे. उलट एवढंच म्हणता येईल की बाजारातला मासा सकाळी चारला उठवत नाही. बरोबर आणलेली, न पडलेली, न बुडलेली, न तापलेली गाडी फाटकाशी उभी राहते. शेजारचे काका वर्तमानपत्रावरून डोकं वर काढतात. ‘काय, मिळालं का काही?’ माणूस पिशवीकडे बघत नाही, हँडलवरच्या दिव्यांकडे बघतो.

‘दोन काड्या उरल्यात, काका.’